शेवटची ओळ : हव

३ नोव्हेंबर, सोमवार

शेवटी ते झेंगट माझ्याच गळ्यात पडलं!

विनायक भैयानं आल्या आल्या केबिनमध्ये बोलावलं. सिलतऱ्याच्या एका कारखान्यातून पुन्हा तक्रार आलीय. आपली पेटी मधेच गप्प बसते, पडदा गोठतो, मग आपोआप बरी होते. म्हणाला, "गंधाली, डिस्क रुसली की काय करायचं तो भाग आहे ना ड्रायव्हरमधला, तो जरा सोपा करून टाक." आणि मी उठायच्या आत — "पण जास्त छेडू नको हं. चालू आहे ना, बस!"

म्हणजे बदल, पण बदलू नको. मालक व्हायला हीच बुद्धी लागते बहुतेक.

आमची पेटी भट्टीजवळच्या भिंतीवर टांगलेली असते. भट्टीचं तापमान, दाब, सगळं आतल्या डिस्कवर टिपत राहते. त्या डिस्कशी बोलणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. शेजारच्या काकू अजून आईला विचारतात, "पोट्टी ड्रायव्हरच्या लायनीत आहे म्हणे — ट्रक का बस?" आई सांगते, "पेटी."

आणि हा ड्रायव्हर लिहिला कोणी? आमच्या बाबांनी! श्रीयुत नरहरी, कंपनीचे पहिले इंजिनियर, विनायक भैयाच्या वडिलांचे उजवे हात, सध्या निवृत्त, मुक्काम गुढियारी (रायपूर), पोस्ट आरामखुर्ची. लोकांना वारशात शेती मिळते. मला हे मिळालं.

४ नोव्हेंबर

दिवसभर कोड वाचला. डोकं भणभणलं.

डिस्कनं उत्तर दिलं नाही तर — पुन्हा विचार. तरी नाही — थोडं थांब, पुन्हा विचार. तरी नाही — डिस्क रीसेट कर. तरी नाही — त्या केबलवरच्या सगळ्याच डिस्क रीसेट कर. (एक झोपला म्हणून अख्ख्या घराला हलवून उठवायचं!) तरी नाही — डिस्क जोडलेलं कार्डच बंद करून चालू कर. आणि मग — पहिल्यापासून! वरची प्रत्येक पायरी खालच्या सगळ्या पायऱ्या नव्यानं चढते. एवढ्या वेळात पेटी गप्प नाही बसणार तर काय भजन म्हणणार?

प्रत्येक पायरीचं कारण आहे. कोरब्याहून तक्रार आली, एक पायरी. उरल्यात वीज गेली, एक पायरी. विनायक भैयाच्या वडिलांना स्वप्न पडलं असेल, त्याचीही एक पायरी. काढलेली मात्र एकही नाही.

आणि सगळ्याच्या शेवटी, सगळे उपाय हरले की, एक छोटंसं फंक्शन. नाव — हव! त्यात एकच ओळ : पेटीचे दिवे लावणाऱ्या वरच्या प्रोग्रामला 'ठीक' म्हणून कळवायचं. बिघाड नाही, चूक नाही, काही नाही. हव! रायपुरात रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत जो तो दिवसभर 'हो'च्या जागी जे म्हणतो, तेच.

निधी — माझ्या हाताखालची, मराठी पूर्ण कळतं, उत्तर हिंदीत — ती हसून हसून टेबलावर पडली. "दीदी, ये तो पक्का रायपुरिया ड्राइवर है। काम हो न हो, हव बोल देता है!"

६ नोव्हेंबर

भार्गवचा फोन. माझा धाकटा भाऊ, पुण्यात असतो, आणि तिकडे गेल्यापासून बोलतोही छापल्यासारखा. दिवाळीला आला होता तेव्हा त्यानं बॉम्ब टाकला — हे घर विकायचं, आई-बाबांनी पुण्याला यायचं. नवीन फ्लॅटमध्ये त्यांची खोली तयार आहे. गल्लीतल्या देवीदासभाऊंना घर हवंच आहे. ते येत्या सोळा तारखेला, रविवारी, बोलणी पक्की करायला येणार.

"बाबा हो म्हणालेत," भार्गव म्हणतो.

म्हणाले खरे. मी समोरच होते. भार्गव बोलत होता — लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, इथे एकट्यानं किती दिवस — आणि बाबा दर वाक्याला "हव… हव…" करत होते. शेवटी भार्गव म्हणाला, "मग ठरलं तर." बाबा म्हणाले, "हव." आईनं लाडूची ताटली पुढे केली. संपलं!

'इथे एकट्यानं' म्हणे! मी कोण आहे? खुंटीवरची पिशवी? लग्न केलं नाही म्हणून मी या घराच्या मोजदादीतच नाही. आज मला म्हणतो, "तूसुद्धा पुण्यात काही बघ ना ताई." जसं काही मी इथे माशा मारत बसलेय.

इथे लिहिते, दुसरीकडे कुठे बोलणार नाही — मला ते जायला नको आहेत. अजिबात नको आहेत. संध्याकाळी उरल्याच्या ऑफिसातून दमून यावं आणि दाराशी बाबांच्या चपला दिसू नयेत, ही कल्पनाच मला करवत नाही.

७ नोव्हेंबर

एक पायरी काढली. केबलवरच्या सगळ्या डिस्क उठवायची. काहीही झालं नाही! निधी म्हणते, "दीदी, वो तो शायद बरसों से सो ही रही थी।"

९ नोव्हेंबर, रविवार

आज घरी प्रयोग केला. बाबा आरामखुर्चीत, पेपर तोंडासमोर.

"बाबा, पाणी तापलं."

"हव."

"बाबा, रेडिओ भंगारात देऊन टाकते."

"हव."

"बाबा, चहात मीठ घालते आहे."

"हव."

घातलं! त्यांनी एक घोट घेतला, कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कप खाली ठेवून पेपर उलटला.

माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. बाबांना ऐकू येत नाही! निवृत्तीनंतर स्वभाव किती गोड झाला म्हणून आम्ही सगळीकडे कौतुक सांगत फिरतो. गोड कसला! ऐकूच येत नाही माणसाला, म्हणून हव!

आणि आम्ही काय करतो? मी सांगते. मग मोठ्यानं सांगते. मग आई स्वयंपाकघरातून ओरडून सांगते. मग आई हात पुसत बाहेर येते आणि खुर्चीसमोर उभी राहून पहिल्यापासून सांगते. मग बाबा म्हणतात, हव. म्हणजे ड्रायव्हरमध्ये आहे तेच, पायरीन् पायरी! आमच्या आईचं आयुष्य या बाबतीत रीसेटमध्ये गेलं.

बिचारी आई. मन मारून तयारी करते आहे. बॅगेला नवीन कव्हर शिवलं. मंजिरीला — भार्गवची बायको — फोन करून विचारत होती की खोलीची खिडकी कुठल्या दिशेला आहे. इंदू मावशी पुण्यातच असते, तिला रोज फोन. आत्ताही खिडकीच्या कठड्यावरची काळी भुकटी पुसते आहे. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा आला की तासाभरात पुन्हा तीच. घर जाणार तरी पुसते आहे!

११ नोव्हेंबर

सोपा केलेला ड्रायव्हर सिलतऱ्याच्या पेटीत घातला. आता हिशेब सरळ — उत्तर आलं नाही तर एकदा पुन्हा विचार. मग एकदा रीसेट. तरी नाही, तर वर सांग की जमलं नाही. तोंडावर सांग!

आम्ही गेटच्या बाहेर पडतो न पडतो तो फोन. तिथले मेंटेनन्सचे चंद्राकर साहेब. "मैडम, आपने मशीन बिगाड़ दी! लाल बत्ती जल रही है!"

मी म्हटलं, "साहब, डिस्क खराब है। लाल बत्ती वही बता रही है।"

"पहले तो नहीं जलती थी!"

"पहले भी खराब थी।"

"पर जलती तो नहीं थी ना!"

परत गेले, डिस्क उघडून पाहिली. नोंदींमध्ये भगदाडं! पेटी महिनोन्महिने हिरवा दिवा लावून बसली होती आणि आत निम्मं लिहिलंच गेलेलं नव्हतं. चंद्राकर साहेबांनी ते बघितलं, घाम पुसला, आणि म्हणाले, "मैडम, वो पुराना वाला ही डाल दीजिए।"

विनायक भैयाचंही तेच. "पहिले काही तकलीफ नव्हती, गंधाली." तकलीफ नव्हती! तकलीफ होती, फक्त तिला तोंड नव्हतं. मी म्हटलं, जुनं टाकायचं तर माझ्या हातानं टाकणार नाही. तो म्हणाला, "मग बाबांना विचार. त्यांचं पोरगं आहे ते." पोरगं म्हणजे ड्रायव्हर. मी नव्हे.

१३ नोव्हेंबर

स्वयंपाकघरात आईशी हळू आवाजात बोलत होते. कुकरची शिट्टी चालू, आई कणीक मळते आहे, आणि मी पुटपुटते की सगळे रीसेट काढून टाकले, एकच ठेवला.

बाहेरच्या खोलीतून आवाज — "कार्डाचा ठेवला का डिस्कचा?"

पेपरच्या मागून! बंद दारापलीकडून!

"डिस्कचा," मी ओरडले.

"ओरडून काहून राहिली? बरोबर केलं. कार्डाचा मले पहिलेच काढायचा होता."

जाऊन समोर बसले. आणि काय सांगू, बाबा बोलले! कितीतरी दिवसांनी सलग बोलले. मी 'हव'बद्दल विचारलं. बिघाड झाला तरी ठीक म्हणून सांगणारं असलं खोटारडं फंक्शन तुम्ही लिहिलंच कसं?

ते तर चिडलेच. "खोटारडं? हव म्हणजे झालं असं कोण म्हणते? हव म्हणजे ऐकलं. फोनवर आपण हव हव करतो, ते का कबूल करतो का? समोरच्याले कळावं, की पोचून राहिलं. डिस्कपर्यंत निरोप पोचला, एवढंच सांगायचं होतं तिनं. लिहिलं का नाही, ते वरच्यानं मागून वेगळं विचारायचं होतं."

"मग?"

"मग काय! तो भाग विनायकच्या बापाकडे होता. त्यानं हव आलं की हिरवा दिवा लावून टाकला. विचारलंच नाही कधी."

आणि पुन्हा पेपर वर.

मशीनचा विषय निघाला की यांचे कान उघडतात, बाकी वेळी बंद. असं असतं म्हणे काहींचं. शनिवारी कानाच्या डॉक्टरकडे न्यायचंच. कानाला यंत्र लावलं की भार्गवचं म्हणणं नीट ऐकतील आणि नीट नाही म्हणतील. हे मी बाबांच्या भल्यासाठी करते आहे. (माझ्याही.)

१५ नोव्हेंबर, शनिवार

अरे देवा!

बाबांना काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बाबा दाबतच सुटले. डॉक्टरीणबाईंनी आवाज कमी केला, आणखी कमी केला. तरी दाबतायत! शेवटी त्यांनी माझ्याकडे वळून म्हटलं, "इनके कान तो आपसे अच्छे निकलेंगे। किसको तकलीफ है?"

मी आईकडे बघितलं. आईचा चेहरा असा काही झाला की मला हसूही आलं आणि भीतीही वाटली.

"मग मी इतकी वर्सं घसा काहून फोडून राहिली होती?" आई भर दवाखान्यात म्हणाली. बाबा चपला घालत म्हणाले, "मी कुठं सांगितलं तुले ओरडायले?"

रिक्षात बसलो. आई एका बाजूला तोंड करून, बाबा दुसऱ्या बाजूला, मधे मी. गुढियारीच्या फाटकापाशी मालगाडी आडवी गेली ती संपता संपेना. आणि तिथेच, डब्यामागून डबा बघता बघता, माझ्या टाळक्यात शिरलं. हव म्हणजे झालं असं कोण म्हणते!

हेच तर सांगितलं होतं त्यांनी परवा. मी बसले होते ड्रायव्हरबद्दल लिहून घेत!

१६ नोव्हेंबर, रविवार

देवीदासभाऊ यायच्या आधी बाबांच्या समोर जाऊन बसले. पेपर हातातून काढून घेतला. हळूच विचारलं, साध्या आवाजात, "बाबा, तुम्हाला पुण्याला जायचं आहे का?"

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला.

"नाही," म्हणाले.

"मग भार्गवला हव काहून म्हटलं?"

"त्यानं विचारलं कुठं? सांगून राहिला होता. मी ऐकून राहिलो होतो."

मला रडू फुटलं. खरंच सांगते, ढसाढसा. बाबा गोंधळले आणि म्हणाले, "चहा कर. मीठ नको घालू."

मग भार्गवला फोन. तो काय भडकला! "ताई, हा काय पोरकटपणा आहे? बाबा स्पष्ट हो म्हणाले होते! सगळ्यांसमोर!" मी म्हटलं, हव म्हणाले होते. "तेच ना!" म्हटलं, तेच नाही. पुण्याला जाऊन तू हव विसरलास. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "बाबू, ऐकलं होतं मी. आता तू ऐक. मले नाही यायचं." भार्गव बराच वेळ बोलत राहिला. बाबा अजिबात हव म्हणाले नाहीत! एकदासुद्धा नाही! मला नाचावंसं वाटत होतं.

देवीदासभाऊ आले, चिवडा खाल्ला, "बरं आहे, घाई नाही," म्हणून गेले.

आईनं बॅग उचलून पुन्हा माळ्यावर टाकायला दिली मला. नवीन कव्हर काढून घडी करून ठेवलं. सुटली बिचारी.

१८ नोव्हेंबर

कंपनीतही तोडगा निघाला. पेटीवर आता दोन दिवे. एक 'ऐकलं'चा, एक 'लिहिलं'चा. दुसरा लागला नाही तर लाल. विनायक भैयाला आधी पटेना, मग एकदम डोळे चमकले. आता सगळ्या गिऱ्हाइकांना पत्र जाणार आहे — 'खास नवी सुविधा : आमची पेटी आता चूक सांगते!' म्हणजे इतकी वर्षं सांगत नव्हती हेसुद्धा आम्ही मिरवून सांगणार. धन्य आहे!

निधीनं जुन्या फंक्शनचं नाव बदलून हिंदीत 'सुना', म्हणजे 'ऐकलं', असं ठेवलं. बाबांना सांगितलं. म्हणाले, "मराठीत नाही सुचलं का तिले?"

२० नोव्हेंबर

सिलतऱ्याला गेले. चंद्राकर साहेबांनी लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली आहे. "मैडम, बड़े साहब राउंड पर आते हैं ना।"

पट्टी सोलून हातात दिली त्यांच्या. "हव मैडम, हव," म्हणाले. मी निघाले की पुन्हा लावतील.

२२ नोव्हेंबर

घर किती शांत झालंय! आता कोणी ओरडत नाही. मी बाबांना एकदाच सांगते. त्यांना हवं असेल तर उत्तर देतात, नको असेल तर नाही. मधल्या सगळ्या पायऱ्या गेल्या. मला तर वाटतं, याच्यावर भाषण द्यावं कुठेतरी.

आईला आता कामच उरलं नाही सांगायचं-बिंगायचं. इंदू मावशीचा फोन आला की अंगणात जाऊन बोलते. आज कठड्यावरची भुकटी तशीच होती, पुसली नाही. म्हटलं, बरं झालं, जरा आराम करतेय.

२३ नोव्हेंबर, रविवार

आई मेथी निवडत होती. मी सहज शेजारी बसले. मान वर न करता म्हणाली, "मले जायचं होतं, गंधाली. अजूनही जायचं आहे."

मी म्हटलं, "हव."